पोढीचे दान : जुन्नर-आंबेगावची यात्रा

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर नारायणगाव लागते. तेथून पश्चिमेकडे वळून सुमारे १५ किलोमीटर गेले की कुकडी नदीच्या खोऱ्यात वसलेले जुन्नर शहर येते. पुण्यापासूनचे एकूण अंतर सुमारे ९५ किलोमीटर. गाव मोठे नाही. दुपारच्या वेळी पेठेतून चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज जाता येते. मात्र या लहान गावाभोवती एका दिवसाच्या वाटचालीत जितका इतिहास सापडतो, तितका महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. डोंगरांत शेकडो लेणी, घाटमाथ्यावर सातवाहन राणीचा शिलालेख, शिवछत्रपतींचे जन्मस्थान, अष्टविनायकांपैकी दोन क्षेत्रे, आकाशाचा आवाज ऐकणाऱ्या दुर्बिणी आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पाण्याखाली गेलेले एक गाव. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, त्यामागे हीच समृद्धी आहे.

या सर्व स्थळांना जोडणारा एक धागा मात्र मार्गदर्शक फलकांवर सहसा दिसत नाही. तो धागा पाण्याचा आहे. अधिक नेमके सांगायचे तर पाण्याच्या दानाचा आहे.

शिवनेरी

जुन्नरच्या कोणत्याही गल्लीतून वर पाहिले की शिवनेरी दिसतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पायऱ्यांच्या वाटेने एकामागून एक सात दरवाजे ओलांडत वर जाता येते. वाटेत शिवाई देवीचे मंदिर लागते. महाराजांचे नाव याच देवीवरून ठेवल्याचे सांगितले जाते. माथ्यावर जन्मस्थानाची इमारत, बाल शिवाजी आणि जिजाऊंच्या मूर्ती असलेले शिवकुंज, बदामी तलाव आणि उत्तर टोकाचा भयावह कडेलोट ही स्थळे आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरीचा समावेश आहे.

ज्या किल्ल्यावर महाराज जन्मले, तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही, ही इतिहासातील एक हुरहूर लावणारी गोष्ट. १६५७ साली त्यांनी जुन्नर शहरावर छापा घालून घोडे आणि द्रव्य नेले. किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला. १६७३ साली येथे आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी सामग्री गडावर असल्याची नोंद केली आहे. धान्य अंबरखान्यात साठवता येते. पण सात वर्षांचे पाणी कोठून आणायचे? त्याचे उत्तर कातळात आहे. गंगा-जमुना या नावांनी ओळखली जाणारी टाकी आणि त्यांच्यासारखी अनेक टाकी गडाच्या अंगावर कोरलेली आहेत. त्यांतील कित्येक टाकी किल्ला होण्यापूर्वीची, या डोंगरात बौद्ध भिक्षू राहत होते त्या काळची आहेत.

लेण्यांतील अक्षरे

जुन्नरला चारही बाजूंनी लेण्यांनी वेढले आहे. शिवनेरीच्या कड्यात, पश्चिमेला तुळजा लेण्यांत, दक्षिणेला मानमोडीच्या डोंगरात आणि उत्तरेला कुकडीपलीकडच्या लेण्याद्रीत. साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढील तीन-चारशे वर्षांत ती कोरली गेली. तुळजा लेण्यांतील गोलाकार चैत्यगृह आणि त्याचे बारा साधे खांब पाहताना लाकडी बांधणीची सवय असलेले हात प्रथमच दगडाशी बोलू लागल्याचा भास होतो.

या लेण्यांचे खरे वैभव भिंतींवरील ब्राह्मी अक्षरांत आहे. अजिंठ्यासारखी चित्रे येथे नाहीत. येथे आहेत त्या दानाच्या नोंदी. आणि दाते बहुधा राजे नाहीत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या गेल्या. श्रेणी म्हणजे त्या काळच्या व्यवसायसंघटना, ज्या पतपेढीचेही काम करीत. अदुथुम नावाच्या एका शक उपासकाने करंज आणि वड लावण्यासाठी शेतजमिनीचे उत्पन्न लावून दिले. व्यापारी घरांतील वाचकांना ही भाषा परकी वाटणार नाही. मुद्दल अबाधित ठेवून व्याजातून धर्मकार्य चालवायचे, ही रीत दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारात रूढ होती.

या लेखांत टाक्यासाठी ‘पोढी’ असा प्राकृत शब्द येतो. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक अथवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. समुद्र ओलांडून, घाट चढून आलेल्या या पाहुण्याने परक्या भूमीत आपल्या नावाने सोडले काय, तर दोन टाकी पाणी. दुसऱ्या एका यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. इरिलच्या लेखात ‘दोन’ यासाठी ‘बे’ हा शब्द आहे. गुजराती घरांत तो आजही रोजच्या बोलण्यात आहे आणि मराठी मूलही पाढ्यांची सुरुवात ‘बे एके बे’ अशीच करते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपल्या तोंडातला शब्द भेटावा, यासारखे प्रवासाचे सुख नाही.

मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. वर्ष ४६ असा त्यात काळ दिला आहे. राजाच्या मंत्र्यानेही पुण्यासाठी दिले ते एक पोढी आणि एक मंडपच. धान्याचा व्यापारी, परदेशी प्रवासी आणि राजमंत्री हे तिघेही पाण्यापाशी एका पंक्तीत येतात.

अंबिकेची साक्ष

मानमोडीच्या याच डोंगरात अंबा-अंबिका नावाचा लेणीसमूह आहे. मूळची ही लेणी बौद्ध. पुढील काळात जैन उपासकांनी त्यांचा उपयोग केला आणि तेथे मूर्ती कोरल्या. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची यक्षिणी अंबिका हिच्यावरूनच या समूहाला नाव मिळाले आहे. आज त्या मूर्ती झिजलेल्या अवस्थेत आहेत. लेण्याद्रीला जाणाऱ्या हजारो भाविकांपैकी फार थोडे या बाजूला वळतात. ज्या कुटुंबांच्या देव्हाऱ्यात अंबिकेला स्थान आहे, त्यांनी तरी ही वाट चुकवू नये. वाट झाडीची असून कड्यांत मधमाश्यांची पोळी असतात. म्हणून गोंगाट, उग्र अत्तर आणि धूर टाळणे हिताचे.

उत्तरेकडील लेण्याद्रीवर सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेले की अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणेशाचे स्थान येते. हे मंदिर म्हणजे मुळात तीन बाजूंना खोल्या असलेला प्रशस्त बौद्ध विहार. एवढ्या मोठ्या सभागृहात आधाराला एकही खांब नाही. शेजारीच चैत्यगृह आहे. एका डोंगराला जैन यक्षिणीचे नाव, दुसऱ्यात गणेशाचे स्थान, आणि दोन्हींची लेणी बौद्ध भिक्षूंनी सोडलेली. अष्टविनायकांपैकी दुसरे क्षेत्र, ओझरचा विघ्नेश्वर, कुकडीच्याच काठी आहे.

नाणेघाट : वाट आणि रांजण

जुन्नरमध्ये इतके दाते कोठून आले, याचे उत्तर सुमारे ३५ किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर मिळते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी परंपरा आहे.

तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आहे. संख्या अक्षरांबरोबर अंकांतही कोरलेल्या असल्याने भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख फार मोलाचा मानला जातो; आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांचे पूर्वज येथे दिसतात. राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती मागच्या भिंतीवर होत्या. त्या केव्हाच नष्ट झाल्या. उरली ती त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा. राणीच्या या लेखाजवळच, घाटातील टाक्यांपाशी, सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दिल्याची साधी नोंद आहे. राजकुलाच्या मूर्ती गेल्या. प्रवाशांसाठी कोरलेली टाकी राहिली.

जैन वाचकांच्या मनात या वाटेची दोन्ही टोके आधीपासून आहेत. सोपारा श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेत येते. आयंबिलच्या ओळीत ती कथा घरोघरी वाचली जाते. पैठण म्हणजे प्रतिष्ठानपूर. तेथील सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीला केल्याची श्वेतांबर परंपरा आहे. कथेतील ही दोन नगरे ज्या रस्त्याने जोडली गेली होती, त्या रस्त्यावर नाणेघाटात प्रत्यक्ष पाऊल ठेवता येते. बाजूला जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका उभा असतो. समोर कोकण पसरलेले दिसते.

पूर्वेकडील पठार

जुन्नर तालुक्याचा पूर्व भाग सपाट आणि बागायती. येथे नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तारांचे हलके जाळे वापरून कमी खर्चात उभारलेली ही वेधशाळा जगातील संशोधकांना आकर्षित करते. डोंगरांचा आडोसा आणि त्या काळी रेडिओ गोंगाटाचा अभाव, ही ही जागा निवडण्यामागील महत्त्वाची कारणे होती. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास येथे सर्वांसाठी प्रदर्शन भरते. मुलांसह जाण्यास तो उत्तम काळ.

जवळच कुकडीकाठच्या बोरी गावात नदीच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती हजारो किलोमीटर दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे संशोधक सांगतात. तिच्या वयाविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. समुद्रापार घडलेल्या उत्पाताची राख कुकडीने आजवर जपून ठेवली आहे.

या पठारावर आज ऊस डोलतो, तो धरणांमुळे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे. पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर त्यात दडणारा बिबट्याही आला. माणिकडोह येथे जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. बिबट्याने माणसावर हल्ला केल्याच्या घटनाही येथे वारंवार घडतात. जीवदयेचा प्रश्न येथे व्याख्यानातला नाही. ज्याचे लेकरू उसाच्या कडेला खेळते त्या शेतकऱ्याच्या अंगणातला आहे. बाहेरून येणाऱ्याने निदान अंधार पडल्यावर शेतवाटांनी फिरू नये. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून मुक्कामी परतण्याची जैन कुटुंबांची रीत येथे सुरक्षिततेचा नियमही ठरते.

ज्या गावाचे नाव उरले

डिंभे धरण जुन्नरच्या दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीवर आहे. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाताना ते लागते. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेला बाबू गेनू हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली मरण पावला.

आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव, मोठी बाजारपेठ मंचर. मग आंबेगाव कोठे आहे, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडतो. ते या जलाशयाच्या तळाशी आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते धरणात गेले. घरे उठली, बाजार उठला, माणसे इतरत्र वसली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. चिखलाने माखलेली जोती आणि भिंती दिसतात, देवळे दिसतात. त्यांत दगडी जैन मंदिरही आहे. काही आठवडे ते उन्हात उभे असते. मग पाऊस येतो, नदी भरते, आणि मंदिर पुन्हा पाण्यात जाते.

एखाद्या गावात जैन मंदिर उभे राहते ते तेथे श्रावकांची घरे असतात तेव्हाच. कोणाच्या पूर्वजांनी दुकान थाटले, कोणी वर्गणी गोळा केली, पर्युषणात त्या दारात पागोटी आणि लुगडी यांची गर्दी झाली असेल. आज त्या दारातून आधी पाणी आत येते. मंदिर पाहण्यास जाणाऱ्याने गाळाची खोली आणि पाण्याची पातळी यांविषयी स्थानिकांना विचारूनच पुढे जावे, आणि जुन्या दगडांतील एकही दगड आठवण म्हणून उचलू नये.

पश्चिमेच्या डोंगरांत महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. भातशेती आणि हिरड्याची वेचणी हा तेथील मुख्य आधार. औषधी दुकानांत मिळणारा बाळहिरडा अनेकदा याच झाडांवरून आलेला असतो. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. खाली अथांग जलाशय आणि वर रिकामा हंडा, हे दृश्य येथे नवे नाही. पावसाळ्यात हीच भूमी धबधब्यांनी भरून जाते. आहुपे घाटाकडे पर्यटकांच्या रांगा लागतात. याच डोंगरांत ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर दरड कोसळली आणि १५१ माणसे गाडली गेली. नवे माळीण जवळच वसले आहे. तेथील स्मारकापाशी धबधब्याकडे निघालेल्या वाहनाने दोन मिनिटे थांबावे, इतके ऋण तरी प्रवाशावर आहे.

रस्त्याच्या शेवटी भीमाशंकर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक; शिखराचे काम नाना फडणवीसांनी केल्याचे सांगतात. आवारातील मोठी पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयातली. भोवतालचे दाट अरण्य १९८५ साली अभयारण्य झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे तांबूस रंगाची मोठी खार, येथे झाडांच्या शेंड्यांवर घरटी करते. ती दिसण्यासाठी एकच साधन लागते : शांत बसणे.

केव्हा आणि कसे

या प्रवासाला कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस सर्वांत योग्य. चातुर्मास संपलेला असतो, वाटा कोरड्या असतात, टाकी भरलेली असतात. जुन्नरला मुक्काम ठेवून पहिल्या दिवशी शिवनेरी आणि लेण्याद्री, दुसऱ्या दिवशी नाणेघाट आणि तुळजा लेणी, तिसऱ्या दिवशी सकाळी मानमोडी आणि मग खोडदमार्गे मंचर, आणि चौथ्या दिवशी डिंभे व भीमाशंकर, असा क्रम सोयीचा पडतो. जुन्या आंबेगावचे अवशेष पाहायचे असतील, तर मात्र वैशाखातील ऊन सोसावे लागते. डोंगरावरील स्थळी उपाहारगृहांचा भरवसा नाही. घरची शिदोरी आणि गाळलेले पाणी बरोबर असावे.

पाणी गाळून पिण्याचा नियम या लेण्यांत राहणारे भिक्षूही पाळत; गाळण्याचे फडके त्यांच्या मोजक्या आठ वस्तूंपैकी एक होते. म्हणून पोढीच्या काठावर उभे राहिलेल्या जैन कुटुंबाला ती जागा परकी वाटू नये. आज काही टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात आणि ब्राह्मी अक्षरांशेजारी कोणी आपली नावे खरवडलेली असतात. इरिलनेही दगडावर आपले नाव ठेवले होते. परंतु त्यापूर्वी त्याने दोन टाकी पाणी दिले होते.

इरिलचे दान दोन पोढींचे. त्याचा लेख आजही वाचता येतो. आंबेगावने आपली घरे, बाजार आणि देवळे देऊन एक जलाशय भरला. त्या दानाचा लेख कोणी कोरलेला नाही. तालुक्याच्या नावात तो तेवढा उरला आहे. पठारावरील हिरवा ऊस पाहताना, नळाखाली हात धरताना, हे नाव ज्याला आठवेल, त्याची ही यात्रा पूर्ण झाली असे म्हणावे.